परसातल्या कोंबड्या: कातडी, खाणं आणि तब्येत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार-सहा कोंबड्या हौसेनं पाळणाऱ्यांचे तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "औषध कोणतं देऊ?" हा असतो. त्याला माझा उलटा प्रश्न ठरलेला: कोंबडी हातात घेऊन पिसं बाजूला करून बघितली का? कोंबडी आजार लपवते. कळपात एखादी ढिली पडली की बाकीच्या तिला टोचतात, त्यामुळे अंगात त्राण आहे तोवर ती धडधाकट असल्यासारखीच वावरते. लांबून बघून "छान आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

## कातडी आणि पिसं

कोंबडी तपासायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

आठवड्यातून एकदा, अंधार पडल्यावर, दांडीवर बसलेल्या असताना तपासा. दिवसा पकडायला गेलात तर सगळं खुराडं डोक्यावर घेतील. अंधारात त्याच कोंबड्या निमूट हातात येतात. बॅटरी मंद ठेवा.

सुरुवात शेपटीखालून करा. तिथली पिसं बोटांनी फाका किंवा सरळ फुंकर मारा, म्हणजे कातडी उघडी पडते. निरोगी कातडी पातळ, मऊ, जातीप्रमाणे पांढुरकी किंवा पिवळसर असते. (सिल्कीसारख्या काही जातींची कातडी मुळातच काळी असते, तो दोष नव्हे.) लालसर चट्टे, खपल्या, कोंडा, पिसांच्या बुडाशी चिकटलेले पांढरे पुंजके, किंवा पिसांवर तेलकट काळपट मळ दिसला तर पुढचा प्रश्न वाचा.

मग पंखांखाली, मानेवर, पाठीवर बघा. छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं असेल तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं तर कोंबडी वाळते आहे, मग ती कितीही खाताना दिसो. शेवटी तळवे, तुरा आणि डोळे. सवय झाली की एका कोंबडीला दोन मिनिटंही लागत नाहीत.

उवा आणि माइट (गोचिडीच्या जातीचे अगदी बारीक जीव) यांत फरक कसा ओळखायचा? उपाय एकच का?

एकच नाही, म्हणून तर ओळखणं महत्त्वाचं.

उवा डोळ्यांना दिसतात. चपट्या, गवताच्या रंगाच्या; पिसं फाकताच उजेडापासून सैरावैरा पळतात. त्या पिसं आणि कातडीचा कोंडा कुरतडतात. अंडी पिसाच्या बुडाशी घट्ट चिकटवलेली असतात आणि ती धुऊन जात नाहीत. असं पीस कापून जाळून टाकावं. उवांचं सगळं आयुष्य कोंबडीच्या अंगावरच जातं. अंगावरून खाली पडल्या की साधारण आठवडाभरात मरतात.

माइट रक्त पितात आणि त्यांचे दोन मुख्य प्रकार अगदी वेगळे वागतात. एक प्रकार दिवसरात्र अंगावरच, बहुधा शेपटीखाली राहतो. तिथली पिसं काळपट, मळलेली दिसतात आणि कातडीवर खपल्या धरतात. दुसरा म्हणजे लाल माइट. हा दिवसा कोंबडीवर सापडतच नाही! तो दांडीच्या खाली, खिळ्यांच्या भोकांत, फळ्यांच्या सांध्यांत दडतो आणि रात्री बाहेर पडतो. लोक दिवसा कोंबडी तपासून निर्धास्त होतात आणि इकडे कोंबड्यांचे तुरे फिके पडत जातात, अंडी कमी होतात, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायलाच नकार देतात. शंका असेल तर रात्री पांढरा कागद दांडीच्या खालच्या अंगाने घासत न्या. कागदावर रक्ताचे बारीक फराटे उमटले की निदान झालं. दांडी जिथे भिंतीला टेकते तिथे राखाडी भुकटीही साचलेली दिसेल.

उवा आणि अंगावरचे माइट यांवर कोंबड्यांसाठीच बनवलेली पर्मेथ्रिन या कीटकनाशकाची पावडर किंवा फवारा चालतो. कोंबडीच्या अंगाला, पिसांच्या मुळापर्यंत लावायचा. अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावायचंच. पहिल्या वेळेनंतर "गेल्या उवा" म्हणून थांबणारे महिन्याभरात परत त्याच जागी येतात. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन जपून वापरा, मांजरांना ते विषारी आहे.

लाल माइटवर मात्र कोंबडीपेक्षा खुराड्याचा इलाज आधी. गादी (खुराड्यात अंथरलेला भुसा-गवत) काढून टाका, दांड्या सोडवून उकळत्या पाण्याने धुवा, फटी बुजवा, फवारा फटींत मारा आणि आठवड्याने हे सगळं पुन्हा करा. उष्ण हवेत याची एक पिढी साधारण आठवड्यात तयार होते आणि रक्त न पिताही हा कित्येक महिने जिवंत राहतो. खुराडं रिकामं ठेवून तो मरेल या भरवशावर राहू नका.

कुत्र्या-मांजरांच्या पिसवांची औषधं कोंबड्यांना लावू नका. त्यातली काही अंड्यांत उतरतात.

मातीत लोळतात, मग त्यांना उवा व्हायलाच नकोत ना?

लोळणं ही त्यांची खरी अंघोळ आहे. कोरड्या मातीमुळे पिसांतलं जादा तेल आणि बरेचसे कीटक निघतात. म्हणून कोरडी माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख यांचा खड्डा छपराखाली असायलाच हवा. राख रंगवलेल्या किंवा रसायन लावलेल्या लाकडाची नको. पण हा प्रतिबंध झाला, इलाज नव्हे. आजारी कोंबडी लोळणं सोडते आणि मग तिच्याच अंगावर उवा माजतात. म्हणून एकाच कोंबडीवर खूप उवा दिसल्या तर उवा मारा, पण तिला आणखी काय झालंय तेही शोधा.

कीटक मरावेत म्हणून डायटोमेशियस अर्थची पांढरी पूड अनेक जण उधळतात. तिची बारीक धूळ कोंबडीच्या आणि तुमच्याही फुप्फुसाला त्रास देते. मी ती वापरायला सांगत नाही.

कोंबडीला पाण्याने अंघोळ घालावी का?

एरवी नाही. शेपटीच्या बुडाशी वर एक छोटी तेलाची ग्रंथी असते. कोंबडी चोच तिथे घासून तेल पिसांना लावते. साबणाने ते तेल निघून जातं. (ती ग्रंथी म्हणजे गाठ किंवा फोड समजून काही जण दाबून फोडायला बघतात. हात लावू नका.) शेपटीखाली शिट चिकटून गोळे झाले असतील तर तेवढाच भाग कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडा करा. हे टाळू नका. ओल्या घाणीवर माशा अंडी घालतात, एका दिवसात अळ्या होतात आणि त्या जिवंत कातडी खातात. अळ्या दिसल्या तर कोंबडीला तासाभरात उपचार मिळायला हवा: अळ्या चिमट्याने काढणं, मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुणं आणि लगेच पशुवैद्य.

कोंबडीची पिसं गळताहेत. आजार आहे का?

आधी कुठली गळताहेत ते बघा, उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

डोक्यापासून सुरू होऊन मान, छाती, मग पंख आणि शेपटी असा क्रम असेल, दिवस लहान होत चालले असतील आणि कोंबडी दीड वर्षाच्या आसपास किंवा मोठी असेल, तर हा वर्षाचा पीसपालट. दोन-तीन महिने चालतो, अंडी बंद होतात किंवा अगदी कमी होतात, तुरा आकसतो. कातडीतून नव्या पिसांचे निळसर, टोकदार कोंब निघालेले दिसतात. त्यांत रक्त असतं आणि ते दुखतात, म्हणून या दिवसांत तिला उगाच उचलू नका. काही कोंबड्या हळूहळू पिसं बदलतात, काही एका रात्रीत निम्म्या उघड्या पडतात. दुसऱ्या प्रकारच्या बहुतेकदा चांगलं अंडं देणाऱ्या असतात.

फक्त पाठ आणि मानेचा मागचा भाग उघडा पडला असेल तर कोंबड्याची करामत. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात. दोन-तीनच असतील तर त्यांच्या पाठी सोलवटतात. कोंबडा वेगळा ठेवा, त्याच्या नख्यांची आणि आऱ्यांची टोकं बोथट करा, नाहीतर पाठीवर कापडी झूल बांधा. झुलीखाली उवा दडतात, त्यामुळे ती अधूनमधून काढून बघावी लागते.

छाती-पोटाची पिसं गेली आहेत, कातडी गरम लागते आणि कोंबडी घरट्यातून हलत नाही? ती खुडूक झाली आहे. अंड्यांना ऊब मिळावी म्हणून पोटाची पिसं तिनेच उपटली आहेत.

शेपटीचं बूड उघडं असेल आणि पिसं अर्धवट तुटलेली असतील तर दुसऱ्या कोंबड्या ती खाताहेत. पिसं कुरतडल्यासारखी, निस्तेज, कातडीवर कोंडा, म्हणजे उवा. आणि यातलं काहीच जुळत नसेल तर खाण्याकडे बघा.

एकमेकींना टोचून रक्त काढतात. काय करू?

रक्त दिसलेली कोंबडी त्याच क्षणी वेगळी करा. लाल रंग त्यांना खेचून घेतो, एकीने सुरू केलं की सगळ्या तुटून पडतात. जखम मिठाच्या पाण्याने धुऊन कोरडी होऊ द्या. कोंबडीची कातडी बघवणार नाही इतकी फाटली तरी आश्चर्य वाटावं इतकी चांगली भरून येते, फक्त माशा आणि चोची लांब राहिल्या पाहिजेत. मलम पातळ लावा. कोंबडी ते चाटूनपुसून पोटात घेते, त्यामुळे झिंक ऑक्साइडचं जाड मलम टाळा.

मग कारण शोधा. जागा कमी पडणं हे पहिलं: खुराड्यात दर कोंबडीमागे ३-४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला त्याहून बरीच जास्त जागा लागते. खाण्याची भांडी कमी, उजेड फार प्रखर, प्रथिनं किंवा मीठ कमी, दिवसभर करायला काही नाही, ही पुढची कारणं. पालेभाजीची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगा, गादीत थोडे दाणे फेका. निम्मी भांडणं कंटाळ्यापोटी होतात. चोच कापणं हा घरच्या कोंबड्यांसाठी उपाय नव्हे.

पायांचे खवले उचकटलेत, पाय जाड आणि खरखरीत झालेत.

खवल्यांच्या खाली शिरणारे माइट. आपल्याला दिसत नाहीत तेवढे बारीक. कोमट साबणपाण्यात पाय भिजवा, मऊ ब्रशने हळू घासा, पुसा आणि व्हॅसलीन सगळ्या खवल्यांवर जाड चोपडा. त्याने माइट गुदमरतात. एक दिवसाआड असं काही आठवडे करावं लागतं. फार वाढलेलं असेल तर पशुवैद्य आयव्हरमेक्टिन देतात. सगळा कळप तपासा, दांड्या धुवा. खवले नखाने उपटू नका. रॉकेल किंवा जळकं इंजिन ऑइल लावायचा जुना उपाय अजून सांगितला जातो. त्याने कातडी भाजते.

उचकटलेले जुने खवले नवे येईपर्यंत तसेच दिसतात, त्यामुळे उपाय लागू पडत नाही असं समजून घाई करू नका.

तळव्यावर काळी खपली आणि सूज आहे.

कुठेतरी टोचलं, त्यातून जंतू शिरले (बहुतेकदा स्टॅफिलोकोकस) आणि आत घट्ट पू जमला. कोंबडीचा पू वाहत नाही, चीजसारखा कडक होतो. म्हणून नुसतं दाबून काही निघत नाही. सुरुवातीला कोमट पाण्यात पाय शेकून, जंतुनाशक लावून, पट्टी बांधून भागतं. गाठ कडक, पाय गरम, कोंबडी लंगडते असं असेल तर पशुवैद्याकडून कापून घ्यावं. घरी ब्लेड घेऊन बसण्याचे व्हिडिओ खूप आहेत, त्यांच्या नादी लागू नका. दांडी ४-५ सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेली आणि जड कोंबड्यांसाठी ठेंगणी ठेवली तर ही वेळ क्वचित येते.

पिवळेधमक पाय फिके पडले. रक्त कमी झालं का?

बहुधा नाही, ती भरपूर अंडी घालते आहे. खाण्यातलं पिवळं रंगद्रव्य आता कातडीऐवजी बलकात जातं. रंग आधी शेपटीखालून, मग डोळ्यांच्या कडेने, कानाच्या पाळीतून, चोचीतून आणि सगळ्यात शेवटी पायांतून उतरतो. पाय फिके व्हायला काही महिने लागतात. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परततो. रक्त कमी आहे का ते बघायचं तर तुरा बघा.

तुऱ्यावर काळे फोड आलेत. पांढरी पूडही दिसते कधी कधी.

खरखरीत काळ्या-तपकिरी खपल्या तुरा, पापण्या आणि चोचीभोवती असतील तर बहुतेक देवी. डासांमुळे आणि जखमांतून पसरणारा विषाणू. औषध नाही, कोरड्या प्रकारात तीन-चार आठवड्यांत कोंबडी बरी होते. खपल्या काढू नका, त्यांतच विषाणू असतो. तोंडात पिवळट थर आला आणि श्वास घ्यायला त्रास होतो आहे असं दिसलं तर तो ओला प्रकार, तो जीवघेणा ठरू शकतो. पिठासारखी पांढरी पूड म्हणजे बुरशी. हातमोजे घालून तपासा आणि पशुवैद्याकडून बुरशीनाशक घ्या. कडाक्याच्या थंडीत तुऱ्याची फक्त टोकं काळी पडली तर हिमदंश. अशा वेळी खुराड्यात दमट हवा कोंडत नाही ना ते बघा.

## खाणं-पाणी

एका कोंबडीला रोज काय आणि किती लागतं?

अंड्यावरची मध्यम कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. पायाभूत खाणं म्हणजे लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य: १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि ४ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम. ते दिवसभर समोर असू द्या, बाकी सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आत. खाऊ आणि दाणे दुपारनंतर द्या. सकाळी दिलेत तर त्याच्यावरच पोट भरतात आणि खाद्य शिल्लक राहतं.

पिल्लांना सुरुवातीचे ६ ते ८ आठवडे २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य), मग ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं). लेयर खाद्य पहिलं अंडं येईपर्यंत, म्हणजे साधारण १८ आठवड्यांपर्यंत देऊ नका. जादा कॅल्शियमने लहान वयात मूत्रपिंडं बिघडतात.

नुसते दाणे आणि घरातलं उरलंसुरलं चालत नाही का? पूर्वी तर तेवढंच असायचं.

पूर्वीची कोंबडी दिवसभर किडे, गवत, बिया उकरून खायची आणि वर्षाला अंडी थोडीच घालायची. आजची अंड्यांची जात वर्षाला अडीचशेच्या वर घालते आणि बहुतेकदा जाळीत असते. मक्यात ८-९ टक्केच प्रथिनं असतात, त्यातही लायसिन आणि मिथिओनिन हे प्रथिनांचे घटक कमी. ही उणीव आधी कातडीवर आणि पिसांवर उमटते, कारण पिसाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग प्रथिनांचाच असतो. पिसं विरविरीत येतात, पीसपालट लांबतो, कोंबड्या एकमेकींची पिसं खायला लागतात. बायोटिन किंवा पँटोथेनिक आम्ल कमी पडलं तर पिल्लांच्या तळव्यांना भेगा आणि चोचीच्या कोपऱ्यांत, पापण्यांवर खपल्या. अ जीवनसत्त्व फार कमी असेल तर तोंडात-घशात पांढरे फोड. या कोंबडीला मलम चोळून काय होणार?

पीसपालटाच्या दिवसांत प्रथिनं १८ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवा. उकडलेलं अंडं, वाळवलेल्या अळ्या, मासळीचा थोडा चुरा चालेल. नुसता दाणा वाढवून उपयोग नाही, त्याने चरबी वाढते. अति लठ्ठ कोंबडीचं यकृत चरबीने भरतं आणि ती एक दिवस काही न दाखवता मरून पडते. प्रेमाने खायला घालून मारलेल्या कोंबड्यांची संख्या कमी नसावी.

काय अजिबात देऊ नये?

बुरशी आलेलं काहीही नको. दाणे, पाव, ओलं खाद्य सगळं यात आलं; बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत संपवतं. "माणसाला नको, कोंबड्यांना टाका" ही सवय सोडा. राजम्यासारखी कच्ची कडधान्यं, अॅव्होकाडोची साल आणि कोय, चॉकलेट, हिरवट बटाटा आणि त्याची सालं, खूप खारट पदार्थ टाळा. लांब गवताचे तुकडे, दोरा, प्लॅस्टिक यांनी गळ्यातली पिशवी तुंबते. काही देशांत कोंबड्यांना स्वयंपाकघरातलं उरलेलं घालायला कायद्याने बंदी आहे, कारण त्यातून रोग पसरतात.

शिंपल्यांचा चुरा आणि खडे, दोन्ही कशाला?

दोन्हींचं काम वेगळं. खडे पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या जाड पोटात, दातांचं काम करतात आणि विरघळत नाहीत. नुसतं तयार खाद्य खाणाऱ्या कोंबडीला ते लागतही नाहीत. दाणे, गवत देत असाल तर हवेत.

शिंपले विरघळतात आणि कवच बनवतात. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कवचाचं बरंचसं काम रात्री, कोंबडी उपाशी बसलेली असताना होतं. शिंपल्याचे जाडसर तुकडे पोटात हळूहळू विरघळत राहतात, म्हणून ते बारीक भुकटीपेक्षा बरे. वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला हवं ती खाते, आणि कोंबड्याला किंवा तलंगांना ते बळेच खावं लागत नाही. अंड्याची कवचं वाळवून, भाजून, चुरा करून दिली तरी चालतात. अंड्याच्या आकारात तशीच टाकलीत तर अंडी फोडून खायची सवय लागू शकते.

पाण्यात व्हिनेगर, लसूण वगैरे?

जंत मरतात याला भक्कम आधार नाही. व्हिनेगर पत्र्याच्या भांड्यात तर घालूच नका, जस्त पाण्यात उतरतं. त्यापेक्षा भांडं रोज घासा. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. एक दिवस पाणी तुटलं तरी पुढे काही दिवस अंडी थांबू शकतात.

## तब्येत

शिट कशी असावी?

घट्टसर, तपकिरी-हिरवट, वर पांढरी टोपी. दर आठ-दहा वेळांनी एकदा गडद, चिकट, घाण वासाची येते, तीही नेहमीचीच. उन्हात पाणी जास्त प्यायल्यावर पातळ होते. रक्त, सलग पिवळी किंवा गर्द हिरवी पाण्यासारखी शिट, किंवा हलणारे जंत दिसले तर नमुना घेऊन पशुवैद्याकडे जा. वर्षातून एक-दोनदा शिट तपासून मगच जंताचं औषध द्यावं. दर महिन्याला सवयीने देत राहिलात तर जंत औषधाला दाद देईनासे होतात.

पिल्लं पिसं फुगवून, पंख पाडून बसलीत आणि शिटेत रक्त आहे.

रक्ती हगवण, कॉक्सिडिया नावाच्या परजीवीमुळे. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना सर्वाधिक, तेही गादी ओली असताना. हा जिवाणू नव्हे, त्यामुळे घरात उरलेलं कुठलंही प्रतिजैविक पाजून भागत नाही. अॅम्प्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल लागतं आणि त्याच दिवशी लागतं. अॅम्प्रोलियम चालू असताना ब१ जीवनसत्त्व देऊ नका, औषधाचा गुण जातो. ओली गादी काढून टाका.

सकाळी गळ्याची पिशवी भरलेलीच आहे.

संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी हा नियम. सकाळी कडक गोळा लागला तर तुंबली आहे; मऊ, पाण्याने भरलेली आणि तोंडाला आंबूस वास असेल तर आत बुरशी वाढली आहे. खाणं थांबवा, पाणी द्या, कडक असेल तर हळुवार चोळा आणि एका दिवसात फरक नसेल तर पशुवैद्य. उलटं धरून ओकवू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन कोंबडी हातातच मरते.

शेपूट खाली, पाय फाकून उभी, सारखी कळ देते.

अंडं अडकलं असावं. पोटापर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, कोरडी करून उबदार अंधाऱ्या जागी ठेवा, कॅल्शियम द्या. आतलं अंडं फोडू नका. काही तासांत आलं नाही तर पशुवैद्य.

कडक उन्हात काय करायचं?

कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं एवढंच तिच्या हातात असतं. पारा ३५ अंशांच्या वर गेला की सावली, वारा आणि गार पाणी लागतंच. खाद्य सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्या, कारण पचनानेही अंग तापतं. उन्हाने कोलमडलेल्या कोंबडीचे पाय गार पाण्यात बुडवा. बर्फाच्या पाण्यात अख्खी कोंबडी नको.

लस चार कोंबड्यांनाही द्यायची?

हो. निदान मानमोडी (राणीखेत) आणि देवी. मरेक या विषाणूजन्य रोगाची लस पिल्लू एक दिवसाचं असताना उबवणी केंद्रातच देतात, म्हणून पिल्लं घेतानाच विचारा. मानमोडीवर औषध नाही. वेळापत्रक पशुवैद्याकडून घ्या, ते भागाप्रमाणे बदलतं.

नवी कोंबडी आणली. लगेच सोडू?

नाही. महिनाभर वेगळी, वेगळ्या भांड्यांनी, आणि रोज आधी जुन्यांचं आवरून मग तिच्याकडे. बाजारातून येणाऱ्या कोंबडीबरोबर लाल माइटपासून श्वासाच्या रोगांपर्यंत काहीही येतं आणि ते पहिल्या आठवड्यात दिसतंच असं नाही.

कशासाठी थांबू नये?

एकाच दिवशी दोन-तीन कोंबड्या अचानक मेल्या, डोकं-तुरा सुजला किंवा निळा पडला, मान वाकडी झाली, सगळ्यांना एकदम श्वासाचा त्रास सुरू झाला, तर बर्ड फ्लू किंवा मानमोडी असू शकते. मेलेल्या कोंबडीला उघड्या हातांनी शिवू नका, कापू नका, कुणाला देऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय विभागाला कळवा. बर्ड फ्लू माणसांना होऊ शकतो. एरवीही कोंबडी, अंडी, खुराडं हाताळल्यावर साबणाने हात धुवा. दिसायला ठणठणीत कोंबडीच्या शिटेतही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, आणि लहान मुलं पिल्लांचे पापे घेतात.

औषध दिल्यावर अंडी खायची की नाही?

औषधावर अंड्यांसाठीचा प्रतीक्षा काळ लिहिलेला असतो. तो पूर्ण होईपर्यंत अंडी ना खायची, ना शेजाऱ्यांना द्यायची. लिहिलेला नसेल किंवा औषध कोंबड्यांसाठीचं नसेल (आयव्हरमेक्टिन अनेकदा असंच वापरलं जातं), तर लिहून देणाऱ्या पशुवैद्याला दिवसांचा आकडा विचारा आणि खुराड्याच्या दारावर तारीख लिहून ठेवा. ती अंडी उकडून परत कोंबड्यांनाही घालू नका.